जावळ आठवड्यावर आणि धाकट्याच्या केसांत च्युइंगगम! कात्री न लावता कसं काढू?

दोन_कार्टी

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

थोरल्याने (वय वर्षे आठ) काल रात्री बबलगम "उद्या परत खाईन" म्हणून उशीच्या कडेला चिकटवून ठेवलं. धाकटा (तिसरं चालू) आज दुपारी त्याच उशीवर झोपला. उठला तेव्हा उजव्या कानामागे, मुळांपासून बोटभरावर, रुपयाएवढा गोळा. केस कुरळे, त्यात झोपेत डोकं घासल्यामुळे तो पसरून पार आत गेलाय.

गार पाण्याने धुतलं. मग बेबी शाम्पूने धुतलं. गोळ्याला ढिम्म फरक नाही, उलट आजूबाजूचे ओले केस गुंतून बसले. आता हात नेला तरी किंचाळतो.

एरवी पार्लरमध्ये नेऊन तेवढे केस कापून आणले असते, पण पुढच्या आठवड्यात जावळ आहे. भाऊ नागपूरहून यायचाय, कुलदेवीला जायची गाडी ठरलीय, आणि सासूबाईंनी स्वच्छ सांगितलंय की पहिली कात्री मामाच्या मांडीवर. त्याआधी एक केस कापायचा नाही.

नेटवर बघितलं तर पीनट बटर, अंडं, कोला, टूथपेस्ट, बर्फ, काय वाट्टेल ते आहे. माझ्याकडे या क्षणी खोबरेल, शेंगदाणा तेल, साजूक तूप, व्हॅसलीन, बर्फ आणि नेलपॉलिश रिमूव्हर एवढं आहे. यातलं काय चालेल? शेजारच्या काकू रॉकेल आणून देते म्हणतायत.

उगाच_एक

पुढच्या आठवड्यात सगळंच उतरणार आहे ना? मग राहू द्या की तोवर. टोपी घाला. (दिवा घ्या, गंमत आहे.)

दोन_कार्टी

टोपीला पण चिकटतंय हो :(

दवाखान्यातून

बाकीचे उपाय सांगतीलच, मी आधी नकाराची यादी देते. रॉकेल नको, पेट्रोल नको, थिनर नको, नेलपॉलिश रिमूव्हरही नको. या सगळ्यांची वाफ पेट घेते आणि आपल्याकडे देवाजवळ दिवा, शेजारी गॅस, हे असतंच. लहान मुलाच्या कातडीला जळजळ होते ते वेगळंच. रॉकेलचं आणखी एक: चुकून तोंडात गेलं आणि ठसका लागून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनियासारखी सूज येते, मूल दवाखान्यात भरती करावं लागतं. पूर्वी उवांसाठी रॉकेल लावत असत हे मलाही माहीत आहे. तेव्हाही ते वाईटच होतं. काकूंना नम्रपणे नाही म्हणा.

आणि दुसरं, केसांइतकंच महत्त्वाचं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती ते गम लागलं नाही हे नशीब. घशात अडकायला ही फार वाईट वस्तू आहे, मऊ असते, हवी तशी आकार घेते. उशीवर अजून काही शिल्लक असेल तर आधी तिकडे बघा.

पेठेतला

बर्फ. डोळे झाकून बर्फ. प्लास्टिकच्या पिशवीत खडे घालून गोळ्यावर धरा, कडक झालं की तुकडे पाडून काढा. शाळेत असताना आमच्या वर्गात एकाच्या पँटला लागलं होतं, असंच काढलं.

वेणीफणी

पेठेतला, पँट आणि डोकं यात फरक आहे राव.

ताई, थांबा जरा. माझं सांगलीत पार्लर आहे, ही केस आमच्याकडे सुट्टीत नेहमी येते. सविस्तर लिहिते, तोवर काही लावू नका आणि मुख्य म्हणजे ओढू नका. केस आधी पूर्ण वाळू द्या.

फणसगरे

खोबरेल लावा आणि निवांत बसा. आमच्याकडे राजापुरात मे महिन्यात रोज फणस फुटतो. हाताला, सुरीला, विळीला आधी तेल. विसरलो की आजी ओरडायची, "हाताक त्याल लाव आधी!" आणि ज्याच्या हाताला चीक लागलाच त्याने साबणाकडे धावायचं नाही, परत तेलाकडेच यायचं. साबणाने चीक नुसता पसरतो. तेल चोळलं की सुटतो, मग साबण. गमचंही तेच असणार.

कार्बनी

फणसगरेंना अनुमोदन, आणि हे नुसतं अनुभवाचं नाही, त्यामागे कारण आहे. ते कळलं की नेटवरच्या पन्नास उपायांतून कुठला घ्यायचा हे आपोआप ठरतं.

च्युइंगगममधली साखर आणि बराचसा स्वाद पाण्यात उतरणारा. चघळताना तो लाळेबरोबर जातो. मागे उरतो तो गम बेस, नव्या गोळीत तो साधारण २० ते ३० टक्के असतो, चघळलेल्या गोळ्यात मात्र जवळजवळ सगळा तोच. पाकिटावर 'गम बेस' एवढंच छापतात, पण सर्वसाधारणपणे त्यात पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, ब्युटाइल रबर, राळ आणि मेण यांतलं काही ना काही असतं. ब्युटाइल रबर म्हणजे टायरच्या आतल्या ट्यूबचं रबर. दिवसभर दात आणि लाळ लावूनही जी वस्तू विरघळत नाही ती बेबी शाम्पूला काय दाद देणार?

ही सगळी मंडळी पाण्याशी फटकून आणि तेलाशी मिळतीजुळती. तेल हळूहळू त्या रबरात शिरतं, त्याच्या लांबच लांब साखळ्यांच्या मधे जाऊन बसतं, साखळ्या एकमेकींवरून घसरायला लागतात. गोळा मऊ पडतो, केसावरची पकड सुटते. तो पूर्ण विरघळायची वाट बघायची नाही, पकड सुटली की काम झालं.

म्हणून खोबरेल, शेंगदाणा तेल, तूप, व्हॅसलीन, मेयोनीज, पीनट बटर, सगळे एकाच कारणाने चालतात. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि अमेरिकेत घरोघरी पीनट बटरची बरणी असते, म्हणून तिकडचा घरगुती उपाय तो. मेयोनीज म्हणजे व्हिनेगर घालून फेटलेलं तेल. ज्याच्या घरात तेलाची बाटली आहे त्याने या भानगडीत पडू नये, नंतर ते राड सगळं धुवायला लागतं. कोला म्हणजे साखर, आम्ल आणि पाणी, त्याचा इथे काही उपयोग नाही. अंड्याच्या बलकात थोडी चरबी असते, पण वासाचं काय करणार?

बर्फाबद्दल: थंडीने गम कडक होतो हे खरं. पण त्यातला रबराचा भाग खरा ठिसूळ व्हायला उणे साठ अंशांच्याही खाली जावं लागतं. घरच्या बर्फाने तो घट्ट होतो, चुरा होत नाही. कापडावर तेवढं पुरतं, कारण कापड ओढ सहन करतं. केसांत अडकलेला घट्ट गोळा मोडायला गेलात की तो केस घेऊनच मोडतो.

पेठेतला

बरं बाबा, बर्फ मागे. पण आमची पँट निघाली होती, हे नोंदवून ठेवा.

रानवाटा

वाचतेय. माझ्या लेकीच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी असंच झालं होतं, आम्ही सरळ कापले आणि मग अंबाड्यात लपवले. हा धागा आधी यायला हवा होता.

वेणीफणी

हं, आता लिहिते. दोन_कार्टी, नीट वाच, घाई करू नकोस.

तेल कुठलं ते सोड, खोबरेल घे. बाळाच्या डोक्याला रोज लागत असणारच, त्यामुळे अंगावर उठायची भीती नाही. शेंगदाण्याचं किंवा पीनट बटर घरात ॲलर्जी नाही हे माहीत असेल तरच. खोबरेल थिजलेलं असेल तर (२४ अंशांच्या खाली गोठतं) वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ कर. कोमट हवं. कढत नको, आणि गॅसवर डायरेक्ट तापवू नकोस.

पहिलं काम तेलाचं नाही, केस बाजूला करायचं. गोळ्याला न लागलेले जेवढे केस आहेत ते सगळे बाजूला घेऊन क्लिपा लाव. क्लिपा नसतील तर मोठ्यांचे रबरबँड. आपण पार्लरमध्ये नेहमी बघतो, मूळ गोळ्यात वीसएक केस असतात आणि आईच्या चोळण्यामुळे त्याचे शंभर होतात.

मग गोळा आणि डोकं यांच्या मधल्या केसांवर डाव्या हाताची दोन बोटं घट्ट धर. बोटभर जागा आहे म्हणालीस, तेवढी पुरे. ही पकड शेवटपर्यंत सोडायची नाही. उजव्या हाताने जे काही ओढलं जाईल ते या बोटांपर्यंतच येतं, कातडीपर्यंत पोचत नाही. मूल रडतं ते गममुळे नाही, मुळाला ओढ बसते म्हणून. ती ओढ गेली की निम्मं रडं थांबतं.

आता तेल. गोळ्याच्या डोक्यावर ओतू नकोस, ते घरंगळून मानेवर जातं. कापसाने गोळ्याच्या कडेकडेने, जिथे केस आत शिरतात तिथे, आणि खालच्या बाजूनेही लाव. मग दहा मिनिटं काही करायचं नाही. कार्टून लावून दे. ही दहा मिनिटं कोणालाच धरवत नाहीत आणि तिथेच सगळं बिघडतं.

त्यानंतर गोळा अंगठा आणि तर्जनीत धरून दाब, पसरव, परत दाब. ओढायचं नाही, मळायचं. मळताना तेल आत जातं. मधे मधे कापूस परत फिरव. थोड्या वेळाने तो लांबट होऊन सुटायला लागतो. मग जुन्या सुती कापडाने, टॉवेल नको, गोळा टोकाच्या दिशेने सरकव. मुळाकडे कधीच नाही. केसाच्या वरच्या थराचे खवले टोकाच्या दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे त्या दिशेने वस्तू घसरते, उलट दिशेने अडकते.

फणी अगदी शेवटी, रुंद दातांची, आणि टोकाकडून सुरुवात. बारीक दातांच्या फणीने गम परत सगळ्या केसांना वाटला जातो. आणि ओले केस कधी विंचरू नकोस या कामात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणूनच म्हटलं आधी वाळू दे.

धुताना एक युक्ती. तेलकट केसांवर आधी पाणी घालायचं नाही. कोरड्या तेलावरच शाम्पू चोळ, फेस येणार नाही, चालेल, मग थोडं थोडं पाणी. तेल एका धुण्यात जातं. आधी पाणी ओतलंस तर तीन वेळा धुवावं लागेल आणि बाळ तेवढा वेळ देणार नाही.

हेअर ड्रायर लावू नका कोणी. गरम हवेने गम पातळ होऊन अजून आत उतरतो. मोठ्यांच्या लांब केसांत मी कधी कधी वापरते, पण त्याला हाताची सवय लागते.

जुनी_जाणती

वेणीफणीने सगळं सांगितलंच आहे. मी फक्त जावळाचं बोलते, कारण धागाकर्तीला खरी धास्ती त्याची दिसतेय.

चार केस तुटले किंवा कापावे लागले तरी जावळ बाटत नाही. तान्ह्यांचे केस पाळण्यात घासून मागचं डोकं टकलं होतंच की, ते कोण मोजतं? आमच्या घरी धाकट्या दिराच्या डोक्यात गळू झालं होतं, डॉक्टरने जावळाच्या आधीच तिथले केस काढले. सासूबाईंनी ते केस कागदात बांधून ठेवले आणि जावळाच्या दिवशी बाकीच्यांबरोबर सोडले. प्रश्न मिटला. तुझ्या सासूबाईंना हे सुचवून बघ, पण तुझं म्हणून नको, "अमुक ठिकाणी असं करतात म्हणे" म्हणून सांग. आणि आत्ता तिन्हीसांज होत आलीय, कात्रीचा विषयच काढू नकोस. तेल घेऊन बस.

उगाच_एक

जुनी_जाणती, "म्हणे" या शब्दावर अख्खं सासर चालतं.

विहिणबाई

मी सासूच्या बाजूने. हौस असते हो. पहिलं जावळ, मामाची मांडी, चांदीची वाटी, त्यात आधीच कानामागे भादरलेलं डोकं फोटोत बरं दिसेल का? सून प्रयत्न करतेय ना, मग झालं. ऑल द बेस्ट गं.

घोलवडकर

अवांतर, पण राहवत नाही. आज ज्याला आपण रबर म्हणतोय ते पूर्वी झाडाचा चीक होतं, आणि ते झाड म्हणजे आपला चिकू. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे मायांच्या काळापासून या झाडाचा चीक आटवून चघळत. १९व्या शतकात न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने आधी त्याचं रबर करायचा खटाटोप केला, जमलं नाही, मग चघळायच्या गोळ्या काढल्या. गम तयार करायच्या यंत्राचं त्याचं पेटंट १८७१चं. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातले कृत्रिम रबर स्वस्त पडायला लागले आणि चिकूचा चीक बहुतेक ठिकाणी मागे पडला.

आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फळाला. चीक आम्ही काढत नाही, तो आम्हाला आपण होऊन लागतो. चिकू उतरवायचे ते पिकायच्या आधी, आणि देठ तोडला की पांढरं दूध टपकतं. वाळलं की बोटं एकमेकांना चिकटतात. वाडीवर तेलाची बाटली लागतेच. म्हणजे फणसगरे आणि मी एकाच पंथाचे.

फणसगरे

घोलवडकर, भारी माहिती. पण चिकू फणसाच्या बरोबरीला बसवू नका, आमच्यात एवढं खपत नाही.

कार्बनी

जाता जाता: बबलगममध्ये फुगा टिकावा म्हणून बेस जास्त ताणला जाईल असा ठेवतात. पहिलं चालणारं बबलगम १९२८चं, अमेरिकेतल्या फ्लीअर कंपनीतल्या वॉल्टर डीमरचं. तो तिथे रसायनतज्ज्ञ नव्हता, हिशेब ठेवायचा. धागाकर्तीकडे बबलगमच आहे, त्यामुळे साध्या च्युइंगगमपेक्षा तार जास्त सुटेल. घाबरू नका, तार सुटणं म्हणजे तेल आत गेलं असं समजा.

चांगीवरून

सिंगापुरात या. १९९२पासून इथे च्युइंगगम आणायला आणि विकायला बंदी आहे. नवीन मेट्रोच्या दारांच्या सेन्सरवर लोक चिकटवून ठेवायचे, दारं बंद व्हायची नाहीत, हे एक मोठं कारण होतं. २००४मध्ये दातांसाठीचं आणि सिगारेट सोडायचं तेवढं गम सोडलं, तेही दुकानात उघड्यावर नाही, फार्मासिस्टकडून किंवा डेंटिस्टकडून. मुलगी पुण्याला आजोळी गेली की पहिल्या दिवशी बूमर बबलगम मागते.

पेठेतला

आणि दुसऱ्या दिवशी बर्फ.

दोन_कार्टी

निघालं!!! सगळं निघालं. एकही केस कापला नाही. वेणीफणी, तुझ्या पार्लरला मी येऊन पाया पडणार आहे.

ज्यांना पुढे कधी लागेल त्यांच्यासाठी लिहिते, कारण वाचून वाटतं त्यापेक्षा डोळ्यांना वेगळं दिसतं. खोबरेल लावल्यावर पहिली दहा मिनिटं खरंच काही झालं नाही. गोळा होता तसा गुलाबी आणि गुळगुळीत. नुसता तेलाने चमकत होता आणि मला वाटलं हे काही जमत नाही. मग मळायला घेतला तर वरचा पापुद्रा आधी पांढुरका पडला आणि आतून तारा सुटायला लागल्या, अगदी बारीक, कोळिष्टकाहून बारीक. तिथे मी घाबरून थांबले, मग कार्बनींचा प्रतिसाद नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवला आणि परत तेल घेतलं. दुसऱ्यांदा तेल लावल्यानंतर तारा तुटायच्या बंद झाल्या आणि करड्या लोळ्या होऊन बोटावर यायला लागल्या. एक एक लोळी ओल्या टिश्यूवर पुसत गेले. डाव्या हाताची पकड नवऱ्याकडे दिली होती. तो म्हणाला बोट आखडलं, म्हटलं आखडू दे.

शेवटी गोळ्याच्या मधोमध शेंगदाण्याएवढी गाठ उरली होती, केस एकमेकांभोवती पिळलेले. त्यातलं गम गेलं होतं, गुंता राहिला होता. तो सुईच्या मागच्या टोकाने एक एक केस बाहेर काढून सोडवला. चार-पाच केस तुटले. ते सासूबाईंनी (विहिणबाई, ऐका) स्वतःच कागदात बांधून देवघरात ठेवले. जुनी_जाणतीचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला नव्हता, त्यांना आधीच माहीत होतं!

धुताना कोरड्यावर शाम्पू, आणि नंतर किंचित तेलकटपणा उरला होता तो सासूबाईंनी डाळीच्या पिठाने काढला. बाळ आता डाळीच्या पिठाच्या वासाचा झोपलाय. थोरला भलताच शहाण्यासारखा वागतोय, त्यावरून कळतंय की अजून कुठेतरी चिकटवून ठेवलंय.

वेणीफणी

मस्त! सुईचं मागचं टोक आवडलं. आम्ही टेल कोंबचं शेपूट वापरतो, काम तेच.

वापरलेली फणी मात्र तशीच ठेवू नकोस. दातांच्या बुडाशी गम बसतं आणि उद्या विंचरताना परत डोक्यात जातं. फणीलाही तेल, मग जुन्या टूथब्रशने भांड्याचा साबण.

दवाखान्यातून

छान झालं. थोरल्याने गिळलं-बिळलं असेल तर घाबरू नका. पोटात सात वर्षं राहतं, आतडी चिकटतात, ही भीती आपल्याला दाखवायचे त्यात तथ्य नाही. एखादी गोळी पचत नाही, पण बाकीच्या अन्नाबरोबर बाहेर पडते. रोज बऱ्याच गोळ्या गिळण्याची सवय मात्र वाईट, त्याने लहान मुलांची पोटं तुंबल्याचे प्रकार झालेत.

बोक्याची_मावशी

धागा वर आहे तोवर माझा प्रश्न विचारते, जवळचाच आहे. सोसायटीत कोणीतरी उंदरांसाठी गोंदाचा पुठ्ठा ठेवला होता, त्यात मांजरीचं पिल्लू अडकलं. पुठ्ठा कापून वेगळा केलाय, पण पोट आणि दोन पाय त्या गोंदाने माखलेत. त्याला शाम्पू लावू की तेलच? ते चाटतंय सारखं.

कार्बनी

तेलच, आणि ते चाटतंय म्हणूनच फक्त खायचं तेल. शेंगदाणा, सूर्यफूल, घरात असेल ते. रॉकेल-टर्पेंटाइन अजिबात नाही. त्या पुठ्ठ्यांवरचा गोंद कधी वाळत नाही, गमच्याच जातकुळीतला असतो, त्यामुळे तेलाने सुटतो.

पण तेलाच्या आधी एक करा: उघड्या गोंदावर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. त्याने पाय पोटाला आणि पोट तुमच्या कपड्यांना चिकटणं थांबतं. मग एका वेळी एक पाय, तेल चोळून, कापडाने पुसून. शेवटी सौम्य साबण, कोमट पाणी, आणि लगेच कोरडं करून उबेत ठेवा. पिल्लू लहान आहे, गारठलं तर गोंदापेक्षा ते जास्त वाईट.

दवाखान्यातून

आणि नाकातोंडाजवळ लागलं असेल किंवा धाप लागली असेल तर घरी प्रयोग न करता प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

बोक्याची_मावशी

तोंड स्वच्छ आहे. मैदा टाकलाय, पिल्लू आता चकलीच्या तयारीत असल्यासारखं दिसतंय. तेल सुरू करते. धन्स!

रानवाटा

मग तेल हा सगळ्याच चिकटण्यावर उपाय का? आमच्याकडे फेविकॉल, फेविक्विक, डिंक, सगळंच केसांत जाऊन झालंय.

कार्बनी

नाही नाही, असं समजू नका. लाडवाचा बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्याला तेल लावाल तर पाणी आत जाणार नाही आणि काम वाढेल. कोमट पाण्याचा फडका ठेवा, सुटतो. फेविकॉल ओला असेपर्यंत नुसत्या पाण्याने जातो. गंमत म्हणजे त्यात मूळ वस्तू पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच, गममधलीच, पण बारीक कणांच्या रूपात पाण्यात मिसळलेली. म्हणून वाळायच्या आत धावायचं. वाळला तर कोमट पाण्यात बराच वेळ भिजवून मऊ करावा लागतो.

फेविक्विक हे वेगळंच प्रकरण. ते साधं चिकटत नाही, हवेतल्या ओलाव्याने त्याचं जागच्या जागी प्लास्टिक होतं. ताजं असताना कापसाने पुसायला जाऊ नका, कापसाशी त्याची क्रिया होऊन चटका बसेल इतकं तापतं. पूर्ण सुकू द्या, मग कोमट साबणपाणी आणि तेल आलटून पालटून, आणि धीर. अ‍ॅसिटोनने सुटतं, पण ते केसांच्या टोकाला आणि मोठ्या माणसाच्या. मुलांच्या डोक्याजवळ नाही, डोळ्यांजवळ तर नाहीच नाही.

वेणीफणी

आणि फेविक्विकला कातडीपासून लांब असेल तर मी सरळ कात्री घेते. फक्त आडवी कापू नका, उभी धरून बारीक बटा काढा, नाहीतर खाच दिसते.

दोन_कार्टी

कात्रीचं नाव काढू नका आमच्या घरात आठवडाभर.

एक शेवटचं विचारते. उशीचा अभ्रा फ्रीजरमध्ये टाकलाय (पेठेतला, खूश?), पण गम खाली गादीवरही लागलेलं आहे, कापसाची गादी, फ्रीजरमध्ये मावायची नाही. तेल लावलं तर डाग पडेल ना?

पेठेतला

बोलावलंत, आलो. पिशवीत बर्फ घालून गादीवर ठेवा, पिशवीला गाठ घट्ट, नाहीतर कापूस भिजेल. कडक झालं की लोणी लावायची बोथट सुरी जवळजवळ आडवी धरून खरवडा, वरून टोचायचं नाही. सारखं मऊ होतं, मग परत बर्फ. शेवटचा पातळ थर राहिला तरच तेलाचा एक थेंब, बोटाने, आणि लगेच त्यावर भांड्याचा साबण आणि ओला फडका. अभ्रा मात्र गम पूर्ण निघाल्याशिवाय मशीनला लावू नका. गरम पाण्याच्या सायकलला टाकलात तर गम ड्रमला लागेल आणि मग तुम्हाला नवा धागा काढावा लागेल.